नळ कोणाचा, यापेक्षा जोखीम कोणाची

पाण्याच्या किंवा विजेच्या खासगीकरणाचा विषय निघाला की दोन शहरांची नावं हमखास पुढे येतात. विरोध करणारा कोचाबांबाचं नाव घेतो, समर्थन करणारा ब्युनॉस आयर्सचं. बोलिव्हियातल्या कोचाबांबात १९९९ साली पाणीपुरवठा परदेशी कंपनीच्या नेतृत्वाखालच्या एका गटाकडे गेला. जानेवारी २००० मध्ये बिलं वाढून आली, लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात सतरा वर्षांचा एक मुलगा गेला आणि एप्रिलमध्ये सरकारला करार रद्द करावा लागला. ब्युनॉस आयर्स ज्याची राजधानी, त्या अर्जेंटिनात नव्वदच्या दशकात जिथे पाणीपुरवठा खासगी हातात गेला तिथे बालमृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी आणि सर्वांत गरीब भागांत २६ टक्क्यांनी घटले, असं गॅलियानी, गर्टलर आणि शारग्रोडस्की या तीन अर्थतज्ज्ञांनी २००५ साली आकडेवारीनिशी मांडलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण सांगणारे त्या अर्ध्यावर सोडतात, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

कोचाबांबातून कंपनी गेली, सेमापा ही जुनी सरकारी संस्था परत आली, तिच्या कारभारात नागरिकांचे प्रतिनिधी बसले. तरीही शहराच्या दक्षिणेकडच्या गरीब वस्त्यांत पुढे वर्षानुवर्षं नळ पोचला नाही. तिथली माणसं टँकरचं महाग पाणी पिंपांत भरत राहिली. वशिल्याची नोकरभरती आणि गळती दोन्ही जुन्या वाटेने परत आल्या. ब्युनॉस आयर्समध्ये जानेवारी २००२ मध्ये पेसो आणि डॉलर यांची एकास एक ही सांगड तुटली. कंपनीचं कर्ज डॉलरमध्ये होतं आणि बिलं पेसोमध्ये. सरकारने दर गोठवले, २००६ मध्ये करार मोडला आणि सेवा पुन्हा सरकारी कंपनीकडे घेतली. मग आंतरराष्ट्रीय लवादाने २०१५ मध्ये अर्जेंटिनाला सुमारे ४० कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. एका शहरात आंदोलन जिंकूनही नळ आला नाही. दुसऱ्या शहरात नळ आला, पण करार टिकला नाही आणि त्याची किंमत सरकारी तिजोरीवर पडली. यातलं कोणतं शहर कोणाच्या बाजूने साक्ष देतं?

माझं मत आधीच सांगतो. ज्या सेवेत घराघरात एकच पाइप किंवा एकच तार जाते, ती सेवा तीस-चाळीस वर्षांसाठी खासगी कंपनीच्या हवाली करणं विकसनशील देशांना बहुतेकदा महागात पडलं आहे, आणि यापुढे ते करू नये. पण त्याचं कारण कंपन्या दुष्ट असतात हे नाही, आणि सरकारं सज्जन असतात हे तर मुळीच नाही. कारण करारात आहे. चलन घसरलं, पाऊस पडला नाही, मागणीचा अंदाज चुकला, तर तोटा कोणी सोसायचा. खर्चाचा हिशेब कोणी तपासायचा. दरवाढ मागितली तर नाही म्हणायचा अधिकार कोणाला आणि ते म्हणण्याची ताकद कोणात, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. मालकीच्या पाटीवर कोणाचं नाव आहे याने त्या आपोआप ठरत नाहीत. वाद मात्र पाटीवरच चालतो.

समर्थकांचा सर्वांत भक्कम मुद्दा त्यांच्या तोंडून यावा तसा मांडतो. सरकारी पाणीपुरवठा गरिबांच्या नावाने स्वस्त ठेवला जातो. दर इतके कमी की खर्चही भरून निघत नाही. खर्च निघत नाही म्हणून जलवाहिन्या बदलल्या जात नाहीत, पंप दुरुस्त होत नाहीत, पाणी दोन-चार तास येतं. पाणीच धड येत नाही म्हणून लोक बिल भरत नाहीत, आणि बिल भरलं जात नाही म्हणून खातं आणखी कंगाल होतं. त्या स्वस्त दराचा फायदा मिळतो कोणाला? ज्याच्या घरात नळ आहे त्याला, म्हणजे मध्यमवर्गाला आणि श्रीमंताला. ज्याच्याकडे नळच नाही तो त्याच शहरात टँकरवाल्याला कितीतरी पट दर मोजतो. सरकारी अनुदानाने श्रीमंताची बाग भिजते आणि गरिबाची बाई हंडा घेऊन रांगेत उभी राहते. हे वर्णन खोटं नाही. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या कितीतरी शहरांना ते तंतोतंत लागू पडतं. सरकारी खात्याची बाजू घेणाऱ्याने आधी याचं उत्तर द्यायला हवं, आणि बहुतेक जण ते देत नाहीत.

अर्जेंटिनातल्या बालमृत्यूंचा निष्कर्षही मी बाजूला सारणार नाही. मुलं वाचली असतील तर त्यापुढे माझी तत्त्वं मला मिरवायची नाहीत. पण ती वाचली कशामुळे? जाळं विस्तारलं, स्वच्छ पाणी पूर्वी न पोचलेल्या घरांत गेलं म्हणून. आता त्या घराच्या उंबऱ्यावर जरा उभं राहून पाहू. ब्युनॉस आयर्सचा करार १९९३ चा. त्यात जुन्या ग्राहकांचा दर सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाला, कारण सर्वांत कमी दर मागणाऱ्यालाच करार द्यायचा होता. मग नवी जलवाहिनी टाकण्याचा खर्च कोणाकडून घ्यायचा? नव्या ग्राहकाकडून. म्हणजे ज्याच्याकडे आधीच नळ होता त्याचं बिल उतरलं आणि ज्याच्याकडे कधीच नळ नव्हता त्याच्या हातात काही महिन्यांच्या कमाईएवढी जोडणीची रक्कम ठेवली गेली. साहजिकच लोकांनी ती भरली नाही. काही वर्षांतच करारात फेरफार करावा लागला, आणि तो बोजा सगळ्या ग्राहकांच्या बिलांत थोडा थोडा वाटला गेला. गरीब वस्तीत नळ नेणं जमायला लागलं ते या वाटणीनंतर. ही वाटणी बाजाराने केलेली नाही. ती सरकारी दबावाखाली, वाटाघाटीत झाली, आणि अशी वाटणी सरकारी खात्यालाही करता येते. चिलीने ती केली. तिथे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कंपन्या विकल्या गेल्या, त्याच्या आधीच शहरी भागात जवळपास सगळीकडे नळ पोचला होता आणि गरीब कुटुंबांच्या बिलाचा काही भाग थेट सरकार भरू लागलं होतं.

दुसरा दावा भांडवलाचा. गरीब देशाकडे पैसा नाही, खासगी कंपनी तो घेऊन येईल. नव्वदच्या दशकात कर्ज देणाऱ्या संस्थांनी हाच मुद्दा सर्वांत जोरात मांडला, आणि सर्वांत फोल ठरला तोही हाच. जागतिक बँकेसाठीच फिलिप मारिन यांनी २००९ साली विकसनशील देशांतल्या पाणी करारांचा आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा, की खासगी चालकांचा खरा उपयोग कार्यक्षमतेत आणि सेवेच्या दर्जात दिसला; पैसा आणण्यात नव्हे. पैसा बहुतांशी ग्राहकांच्या बिलातून आला किंवा सरकारने काढलेल्या कर्जातून. हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पैसा आपलाच असेल आणि कंपनीकडून फक्त कारभाराचं कसब मिळत असेल, तर कसबासाठी पगार द्यावा. त्यासाठी चाळीस वर्षांची मक्तेदारी आणि परताव्याची हमी कशाला द्यायची? कोचाबांबाच्या करारात गुंतवणुकीवर १५ टक्क्यांच्या आसपास परताव्याची तरतूद होती. निविदेला बोली एकच आली होती. आणि लोकांनी स्वतः खणलेल्या विहिरी, स्वतः वर्गणी काढून चालवलेल्या पाणीसमित्या, यांनाही कंपनीच्या एकाधिकाराखाली आणायची तजवीज त्या कायद्यात आणि करारात होती. ज्या नळावर सरकारने एक पैसा खर्च केला नव्हता, तो सरकारने देऊन टाकला. चिडायला दरवाढ निमित्त झाली. लोकांच्या मनात सलत होतं ते हे.

तिसरा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो ऐकायला समंजस वाटतो. सरकार दुबळं आहे, भ्रष्ट आहे, त्याला पाणीखातं चालवता येत नाही, म्हणून ते खासगी हाती द्यावं. पण द्यायचं म्हणजे काय करायचं? निविदा काढायची, शेकडो पानांचा करार लिहायचा, तो तीस वर्षं राबवून घ्यायचा, कंपनीने दाखवलेला खर्च खरा की फुगवलेला हे ओळखायचं, आणि जगातल्या सर्वांत महागड्या वकिलांसमोर उभं राहून नाही म्हणायचं. ज्या खात्याला स्वतःच्या लाइनमनवर देखरेख ठेवता येत नाही, ते खातं हे सगळं करील असं आपण कोणत्या आधारावर धरतो? गळका पाइप ओळखण्यापेक्षा फसवा ताळेबंद ओळखणं अवघड असतं. लॅटिन अमेरिकेतल्या हजारभर करारांचा अभ्यास करून होसे लुइस ग्वाश यांनी २००४ साली दाखवलं, की पाणी आणि सांडपाण्याच्या ७४ टक्के करारांत पुन्हा वाटाघाटी झाल्या, आणि त्याही सही झाल्यापासून सरासरी दोन वर्षांच्या आत. म्हणजे निविदा जिंकायची एका दराने आणि सेवा चालवायची दुसऱ्याच दराने. एकदा शहराचं पाणी हाती आलं की सरकारला माघार घेता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं. टांझानियात दार-ए-सलामचा करार २००३ मध्ये सुरू झाला आणि २००५ च्या मे महिन्यात मोडला. लवादाने पुढे कंपनीला भरपाईपोटी काहीच दिलं नाही. पण शहराची ती वर्षं वाया गेली ती गेलीच.

जोखीम म्हणजे नेमकं काय, हे पाहायचं तर फिलिपीन्सच्या मनिलासारखं दुसरं शहर नाही. तिथे १९९७ साली एकाच दिवशी, एकाच कायद्याखाली, एकाच शहराचे दोन भाग दोन कंपन्यांना दिले गेले. तेव्हा सरकारी दर घनमीटरला ८.७८ पेसो होता. पूर्व भाग जिंकणाऱ्याने २.३२ पेसोची बोली लावली, पश्चिम भाग जिंकणाऱ्याने ४.९७ ची. वर्तमानपत्रांत कौतुक झालं. त्याच वर्षी आशियातलं चलनसंकट आलं. डॉलरला २६ पेसो होते ते वर्षभरात चाळिशीपार गेले. जुन्या सरकारी संस्थेचं परकीय कर्ज दोघांत वाटताना ९० टक्के पश्चिमेच्या कंपनीकडे आणि १० टक्के पूर्वेच्या कंपनीकडे गेलं होतं. कर्जाचा हप्ता डॉलरमध्ये, गल्लीतल्या माणसाचं बिल पेसोमध्ये. पश्चिमेच्या कंपनीने २००१ मध्ये सरकारला द्यायची रक्कम थांबवली, पुढे ती दिवाळखोरीच्या दारात गेली, तिचा मोठा हिस्सा सरकारलाच घ्यावा लागला आणि २००७ च्या सुमारास तो पुन्हा नव्या मालकांना विकावा लागला. पूर्वेच्या कंपनीने मात्र ६३ टक्क्यांची गळती पंधरा वर्षांत ११-१२ टक्क्यांवर आणली. तिची व्यवस्थापनपद्धत चांगली होती, छोट्या विभागांना जबाबदारी वाटून देण्याची तिची रीत शिकण्यासारखी होती, हे मान्य. पण हप्त्याचा नव्वद टक्के बोजा तिच्या डोक्यावर असता तर? दोन्हीकडे कारभार खासगीच होता. फरक पाडला तो कर्जाच्या वाटणीने, आणि ती वाटणी एकाही ग्राहकाने वाचलेली नव्हती.

हीच गोष्ट विजेत आणखी ठळकपणे दिसते. एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाला १९९३ मध्ये जागतिक बँकेनेही परवडणारा नाही म्हणून पैसे द्यायला नकार दिला होता. तरी करार झाला. वीज घेवो न घेवो, क्षमतेचे पैसे राज्य वीज मंडळाने द्यायचे. इंधन आणि चलन यांचा चढउतार दरात. वर केंद्र सरकारची प्रतिहमी. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये मंडळाने ती घेणं थांबवलं. तोट्याची प्रत्येक वाट आधीच सरकारी तिजोरीकडे वळवून ठेवलेली असेल, तर त्या कंपनीने नेमकी कोणती जोखीम उचलली? नायजेरियाने २०१३ मध्ये वीजवितरण कंपन्यांचे ६० टक्के भाग विकले. घेणाऱ्यांनी ते बहुतांशी कर्ज काढून घेतले, नायरा हे तिथलं चलन घसरलं, दर खर्चाच्या मागेच राहिले, वसुली झाली नाही. दोन वर्षांच्या आत देशाच्या मध्यवर्ती बँकेला २१३ अब्ज नायरांची मदतयोजना आणावी लागली. ओडिशात १९९९ मध्ये वितरण विकलं गेलं. त्याच वर्षी महाचक्रीवादळ आलं, एक कंपनी २००१ मध्ये निघून गेली आणि उरलेल्या तीन कंपन्यांचे परवाने २०१५ मध्ये रद्द झाले. दिल्लीचं उदाहरण याच्या उलट आहे आणि ते लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल: २००२ मध्ये वितरण खासगी कंपन्यांकडे गेलं तेव्हा पन्नास टक्क्यांच्या आसपास असलेली वीजहानी तिथे दहा टक्क्यांच्या खाली आली. चोरी पकडली गेली, मीटर बदलले गेले. पण सुरुवातीची काही वर्षं सरकारने हजारो कोटींचा आधार दिला होता. आणि दर वेळच्या वेळी न वाढवता राहिलेली हजारो कोटींची येणी नियामक आयोगाच्या वहीत पुढे ढकलली गेली, ती आज ना उद्या ग्राहकानेच भरायची आहेत. कारभार सुधारला, हे खरं. बिल पूर्ण आलं आहे, असं मात्र कोणी समजू नये.

मोबाइल फोनचं उदाहरण इथे कोणीतरी देतंच. ते बरोबर आहे आणि गैरलागूही. फोनमध्ये चार कंपन्या एकाच गल्लीत येऊ शकतात, एकीचा कंटाळा आला तर माणूस दुसरीकडे जातो. चार कंपन्यांचे चार नळ एका घरात कोणी टाकत नाही.

इतिहासही आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही. न्यूयॉर्कमध्ये १७९८ साली पीतज्वराने हाहाकार माजवला. शुद्ध पाणी आणायचं म्हणून पुढच्याच वर्षी ॲरन बर या राजकारण्याच्या पुढाकाराने मॅनहॅटन कंपनीला २० लाख डॉलर भांडवलाची सनद मिळाली. त्या सनदेत एक छोटं कलम होतं: पाण्याच्या कामातून उरलेलं भांडवल कंपनीने इतर व्यवहारांत वापरायला हरकत नाही. कंपनीने त्याच वर्षी बँक उघडली. नदीचं पाणी शहरात आणण्याऐवजी गावातच विहीर खणली, लाकडी ओंडके पोखरून त्यांचे पाइप टाकले, आणि सनद शाबूत राहील इतपत पाणी देत राहिली. १८३२ मध्ये पटकी आली. शेवटी शहराने स्वतः कर्ज उभारून क्रोटन नदीचा कालवा बांधला आणि १८४२ मध्ये त्याचं पाणी शहरात आलं. लंडनमध्येही खासगी पाणी कंपन्या होत्या. टेम्स नदीच्या घाण पट्ट्यातून पाणी उचलणं बंद करा, हे सांगायला १८५२ चा कायदा लागला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या सगळ्या कंपन्या सार्वजनिक मंडळाने ताब्यात घेतल्या. यावर कोणी म्हणेल, त्या शहरांकडे कर होता, कर्जरोखे घेणारे सावकार होते, गरीब देशांकडे काय आहे? हा आक्षेप मला पटतो. पण मग मदत त्याच कामी यायला हवी होती: नगरपालिकेची करवसुली उभी करायला, स्वतःच्या चलनात दीर्घ मुदतीचं कर्ज मिळवून द्यायला. त्याऐवजी कर्ज देणाऱ्यांनी विक्रीची अट घातली.

आता खासगीकरणाच्या विरोधकांशी, म्हणजे माझ्याच बाजूच्या लोकांशी, थोडं भांडतो. पाणी हा हक्क आहे, असं म्हणून आपण थांबतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने जुलै २०१० मध्ये तो हक्क मान्य केला, ठराव बोलिव्हियानेच मांडला होता. पण हक्क मान्य झाल्याने पंप चालत नाही. विजेचं बिल कोणी भरायचं, झडप कोणी बदलायची, पुढाऱ्याच्या बंगल्याची थकबाकी कोणी वसूल करायची? ही उत्तरं टाळून आपण नुसतं सरकारी खातं वाचवायला निघतो तेव्हा खात्यातल्या आळसालाही वाचवतो.

याचं उत्तर एका उद्ध्वस्त शहराने दिलं आहे. कंबोडियाची राजधानी नोम पेन्हमध्ये १९९३ साली एक सोन चान (‘एक’ हाही नावाचाच भाग) यांच्याकडे पाणीसंस्था आली तेव्हा यादवीतून बाहेर पडणाऱ्या त्या शहरात ७० टक्क्यांहून जास्त पाणी हिशेबातच येत नव्हतं. काही गळत होतं, काही चोरलं जात होतं, आणि चोरणाऱ्यांत संस्थेचेच कर्मचारी होते. त्यांनी भ्रष्ट माणसं काढली, घरोघर जाऊन ग्राहकांची नोंद केली, प्रत्येक जोडणीला मीटर बसवला. एका बड्या सेनाधिकाऱ्याच्या घरी मीटर बसवायला ते स्वतः गेले तेव्हा त्याने त्यांच्यावर बंदूक रोखली. चान यांनी त्या घराचं पाणी तोडलं, आणि बिल भरल्यावरच परत जोडलं. दर टप्प्याटप्प्याने वाढवले. गरीब कुटुंबांना जोडणीच्या रकमेत सूट आणि हप्ते दिले. हिशेबाबाहेरचं पाणी सहा टक्क्यांच्या आसपास आलं, जे श्रीमंत देशांतल्या अनेक शहरांना साधलेलं नाही. या सगळ्या काळात संस्था सरकारीच होती. तिला जपान, फ्रान्स आणि विकास बँकांकडून भरपूर मदत मिळाली, वरून राजकीय पाठबळ मिळालं, आणि चान यांच्यासारखा माणूस दर वेळी सापडत नाही, हे मी विसरत नाही. पण सापडलेल्या माणसाला काम करता आलं ते १९९६ मध्ये संस्थेला मिळालेल्या आर्थिक स्वायत्ततेमुळे. स्वतःचा पैसा, स्वतःची माणसं, स्वतःचा हिशेब, आणि तो तपासणारं कोणीतरी बाहेरचं.

ज्या सरकारांना एवढंही आज जमत नाही, त्यांच्यासाठी सेनेगलची वाट मला सर्वांत कमी धोक्याची वाटते. १९९६ मध्ये त्यांनी शहरी पाणीपुरवठ्याचे दोन भाग केले. जलवाहिन्या, टाक्या, शुद्धीकरण केंद्रं, त्यांवरचं कर्ज आणि पुढची गुंतवणूक सरकारी कंपनीकडे. रोजचा कारभार, बिलं, वसुली, गळती शोधणं हे खासगी चालकाकडे. विकलेल्या पाण्यामागे त्याला ठरलेला मोबदला, आणि गळती व वसुलीचं उद्दिष्ट चुकलं तर त्याच्याच पैशांतून कपात. डॉलरचा भाव वाढला म्हणून नळाच्या दारात कंपनीचा वकील येऊन उभा राहण्याची सोय त्यात नव्हती. वीस-बावीस वर्षांनी मुदत संपली, नवी निविदा निघाली, तिच्यावरून मोठा वाद झाला, जुन्या चालकाने दाद मागितली, आणि जानेवारी २०२० मध्ये दुसरा चालक आला. नव्या चालकाविषयी तक्रारी झाल्या, अजूनही होतात. पण चालक बदलला तेव्हा जमिनीखालचा एकही पाइप कोणाकडून परत विकत घ्यावा लागला नाही.